तुझ्या नावाची टपाल

दारव्हा
२० मे २००७

चि. संघदीप यास आईचा जय भीम.

तुझं पार्सल पोचलं. त्यातून निघालं ते असं: बाबांचा मोठा केलेला फोटो चौकटीसह, काच तडकलेली. मला एक लोकरी शाल, यवतमाळ जिल्ह्यात, मे महिन्यात. काजूचा डबा. पाच हजारांचा ड्राफ्ट. कुरिअरच्या पावतीवरचा आकडा वाचला. तेवढ्या पैशात हैदराबादहून माणूस येऊन, दोन घास खाऊन परत गेला असता. शाल उर्वशीबरोबर बाभुळगावला दिली, तिच्या सासूला थंडीत उपयोगी पडेल. काजू विहारात लेकरांना वाटले. ड्राफ्ट या पत्रासोबत परत करत आहे. फोटो तेवढा ठेवला. काच मी माझ्या खर्चाने बदलून घेईन.

बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाला तू आलास तेव्हा मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. जाताना तू बहिणीला, उर्वशीला विचारलंस, आई माझ्याशी काहून बोलत नाही. ती पदराने डोळे पुसत आत गेली, कारण मीच तिला बजावून ठेवलं होतं. आता मीच लिहिते. पत्रात बरं असतं, समोरचा माणूस मध्ये बोलत नाही.

दिवाळीच्या सुमारास नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांच्या नरड्यात गाठ सांगितली. तुला फोनवर फक्त 'घशाचा त्रास' असं कळवलं, कारण त्यांची तशी सक्त ताकीद होती. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. स्वरयंत्र काढून टाकू, माणूस जगेल, बोलणार मात्र नाही. डिसेंबरातली तारीखही देऊन ठेवली होती.

दुसरा कोणी असता तर एका रात्रीत ठरवून मोकळा झाला असता. पण तुझे बाबा. बाजारात काट्यावर कापूस चढला की वजन पुकारायचे, तर फाटकाबाहेरच्या चहावाल्याला ऐकू जायचं. तोच आवाज रात्री गायनपार्टीत. मोहिउद्दीनभाई ढोलक घेऊन वीस वर्षं त्या आवाजामागे गावोगाव हिंडले. नागपूरची गोष्ट कळली तेव्हा आपल्या ओट्यावर बसून म्हणाले, "भाभी, याला मुका करून घरात बसवाल तर हा इशाऱ्यानं शिव्या देईल. आन् त्याच्या शिव्या समजणारा मी एकटाच." तुझे बाबा हसले. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, कापून टाका. उर्वशी म्हणाली, कापून टाका. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मथुरे, माह्याच्यानं ठरत नाही. पोराले इचारतो. पयले त्याले समदे गाने आयकू देतो, मंग इचारतो. ठेवासारखा आवाज असन तर तो सांगन. नसन तर टाकतो कापून."

मी विचारलं, "आणि तो म्हणाला कापा, तर?"

"तर कापतो. शिकलेलं पोरगं हाये. मले त आवाजाचा मोह हाये, त्याले कायचा मोह?"

तुझं त्यांचं चार वर्षं धड बोलणं नव्हतं. हैदराबादला तू परस्पर लग्न लावलंस आणि पत्रिका टपालाने आली, तेव्हापासून. तरी त्यांनी जीव तोलायला तुझाच काटा निवडला. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

पुढचं तुला ठाऊक आहे, तूच तर शिकवलंस. कॉलेजातलं जुनं कॉम्प्युटर तू घरी टाकून गेला होतास. त्यावर चित्रं नाहीत, माऊस नाही, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मोहिउद्दीनभाईंच्या मुलीने, निलोफरने, तिच्या कॉम्प्युटर क्लासमधून माईक आणून लावून दिला. तुझे बाबा गायचे, मी यंत्र चालू-बंद करायची. तू फोनवर एकेक हुकूम सांगितलास आणि मी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतला. "आई, मोठी एबीसीडी नको, बारकी. मधली जागा सोडायची विसरू नको." एका हुकमाने सगळी गाणी एका गाठीत बांधायची, जशी जिनिंगमध्ये रुईची गठाण बांधतात. दुसऱ्याने त्या गाठीचे तुकडे करायचे, कारण एवढी गठाण ईमेलच्या दारातून जात नाही. तिसऱ्याने एकेक तुकड्याला नंबर लावून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर रवाना करायचा. आणि मशीनमध्ये जागा थोडी, म्हणून चौथ्याने घरातलं पुसून पुढच्या गाण्यांना जागा करायची. तू म्हणालास, "पाठवलं की पुसून टाक आई, माझ्याकडे राहतंच ना." मी पुसलं. दान दिलेल्या वस्तूकडे मागे वळून पाहू नये, असंच मला शिकवलेलं आहे.

मी मॅट्रिक झालेली बाई. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं की पहाटे फोनची लाईन मोकळी असायची, तेव्हा बसत होते. दीड महिना. एक तुकडा जायला भाकरीचं पीठ मळून, थापून, भाजून होईल एवढा वेळ लागायचा. सगळ्यात शेवटी बाबांनी मला खोलीबाहेर काढलं, दार लोटून घेतलं आणि तुझ्याशी बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. काय विचारलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, वर लिहिलंच आहे.

मग तो रविवार. त्यांनीच रिसीव्हर धरला होता, मी शेजारी उभी होते, तुझा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"काय रे बापू, आयकलं का?"

"हो बाबा. सगळं ऐकलं."

"शेवटचं बी?"

"हो हो, शेवटचंही. काय मस्त आवाज आहे बाबा अजून. असेच गात राहा."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. मग मला म्हणाले, नागपूरची फाईल पेटीत टाकून दे. चेहरा असा, की जणू पोराने सत्काराची शाल खांद्यावर घातली. तारीख आली आणि गेली.

ज्या आवाजासाठी हे सगळं झालं तो आवाज फेब्रुवारीतच बसला. मार्चात ते पाटीवर लिहून सांगत होते. एकदा लिहिलं, संघदीपले काही म्हनू नको. मी पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत तेच लिहिलं. एप्रिलात गेले.

म्हणून तेव्हा नाही म्हटलं. आज म्हणते. कुणा परक्यालाही कोणी असा सल्ला देत नाही. मोहिउद्दीनभाई विचारतात, उर्वशीच्या सासरचे विचारतात, आपरेशन का नाही केलं. मी सगळ्यांना एकच सांगते, संघदीप म्हणाला गात राहा. त्यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

तुला काही सांगायचं असेल तर लिही.

आई


दारव्हा
११ जानेवारी २००८

चि. संघदीप यास जय भीम.

मे महिन्यातल्या माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. उर्वशीच्या फोनवर तू म्हणालास म्हणे, "आईला जे वाटतं ते वाटू दे, मी काय बोलू." बोलण्यासारखं नसेल तर मी आग्रह करत नाही. आज वेगळ्या कामासाठी लिहीत आहे.

परवा दुपारी फुलसावंगीहून एक बाई आली. सुखीबाई, तांड्यावरची. तीन जीपा बदलून, विचारत विचारत घर काढलं. मी पाणी दिलं तर आधी विचारते, "गानेवाले देवराव इथंच राहात का?" मी फोटो दाखवला. तिने फोटोला हात जोडले आणि खालीच बसली.

दोन वर्षांमागे तिचा खेमसिंग फवारणीचं औषध पिऊन गेला. त्या वर्षी बाबांच्या पार्टीला जयंतीपेक्षा शोकसभेची बोलावणी जास्त होती, तुला कशी माहीत असणार. बिदागी घेत नव्हते. म्हणायचे, "ह्यायच्या घरचा पैसा घेतला तर गयात अडकन." ज्या गावी जायचे तिथल्या माणसावर चार ओळी बांधायचे, त्याचं नाव, त्याच्या बैलाचं नाव, तो कसा हसायचा ते. सुखीबाईच्या दारात त्यांनी खेमसिंगवर गाणं म्हटलं होतं. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. म्हणाली, "बाई, पोराचा फोटू नाही माह्याजवळ. त्या गान्यात तो हाये."

मी तिला काय दाखवू? कॅलेंडरचा कागद? मशीनमध्ये एक गाणं नाही. मी म्हटलं, माझ्या मुलाकडे सगळी आहेत, मागवते. ती भाकर खाऊन गेली. जाताना म्हणाली, "मांगून ठेवजो, होळीनंतर येतो मी."

म्हणून उर्वशीकडून तुला फोन करवला, की खेमसिंगचं गाणं तरी सीडीवर टाकून पाठव. तुझं उत्तर तिने मला जसंच्या तसं सांगितलं. नोकरी बदलली, जुन्या ऑफिसचं सगळं तिथेच राहिलं, उडालं. तुमच्याकडे असतील तर तुम्हीच पाठवा.

आमच्याकडे असतील तर. तूच पुसायला लावलंस, संघदीप. बापाचा आवाज तू ऑफिसच्या टेबलावर ठेवून उठून गेलास. मी इतके दिवस समजत होते, तू एक वाईट शब्द बोललास. त्या शब्दाच्या बदल्यात मिळालेली वस्तूही तुला सांभाळता आली नाही. एवढ्यावर हा विषय सोडते, नाहीतर पंचशील म्हणायला तोंड राहणार नाही.

आता काम. ते मशीन जागा अडवतं म्हणून मी भंगारात देणार होते. निलोफर म्हणाली, काकू थांबा, माझ्या क्लासला चालेल का बघते. तिने चालू केलं. चालू झाल्याबरोबर तेच वाक्य आलं, जे मी त्या दीड महिन्यात रोज पहाटे पाहत होते. यू हॅव मेल. तुझ्या नावाची टपाल आली आहे. मशीन तुझं, ते उघडतं तुझ्या नावाने, टपालही तुझ्याच नावाची.

निलोफर म्हणाली, "काकू, बघू का काय आहे ते?"

मी नाही म्हटलं. तुला माहीत आहे, आपल्या वस्तीत लिहितावाचता येणारी सून मी एकटी होते. सगळ्यांची पत्रं माझ्याकडे यायची. कोणाच्या मुलाने पैसे पाठवले नाहीत, कोणाच्या जावयाने दुसरी केली, सगळं मी वाचून दाखवलं. पण ज्याचं पत्र त्याने हातात दिल्याशिवाय मी पाकिटाला नख लावलं नाही. एकदा पोस्टमन चुकून दुसऱ्याचं पत्र आपल्या दारात टाकून गेला, त्या घरचे लग्नाला गेले होते, तर आठ दिवस ते पत्र बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलं होतं. तेवढ्यामुळेच लोक माझ्याकडे यायचे.

निलोफर हसून म्हणाली, "मशीनच्या पत्राला कोण पाकीट लावतं काकू?" मी म्हटलं, नाव लावलेलं आहे ना. मग झालं.

तेव्हाही मी तुला फोनवर सांगितलं होतं, तुझी टपाल आली आहे म्हणून. तू म्हणालास, "असू दे आई, मशीनचं काहीतरी असतं ते." मी असू दिलं. आता मशीन विकायचं आहे, तर तुझी परवानगी हवी. उघडायची की तशीच पुसायची, ते लेखी कळव. तोंडी नको.

आई


दारव्हा
३ फेब्रुवारी २००८

चि. संघदीप यास,

तुझं कार्ड मिळालं. चार महिन्यांत, छे, मी मोजत बसत नाही, बऱ्याच दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहिलंस: 'उघडा, कचराच असेल, वाचायची गरज नाही, सगळं डिलीट करा.' खाली सही. तुझ्या सहीत बाबांचा द येतो, तो मी जरा वेळ पाहिला.

तुझ्या परवानगीचं कार्ड मशीनशेजारी ठेवून निलोफरने ती टपाल उघडली. तू पुसायला सांगितलं होतंस. पण उघडा हे तू आधी लिहिलंस, म्हणून आधी उघडली.

पत्रंच पत्रं होती. पाठवणाऱ्याच्या जागी कोण्या माणसाचं नाव नाही, मशीनचंच नाव. निलोफर एक वाचायची, पुढचं उघडायची, परत वाचायची. मी म्हटलं, "अगं, काय आहे ते सांग." ती म्हणाली, "काकू, सब एकच लिहिलेलं आहे. ज्यांना पाठवलं त्यांची पेटी भरलेली आहे, घेत नाहीत, म्हणून वापस."

"काय वापस?"

"तुम्ही पाठवलेलं. सगळं. प्रत्येक तुकडा."

मी विचारलं, कधी. तिने तारखा दाखवल्या. ज्या पहाटे मी पाठवलं, त्याच पहाटे. माझी भाकर तव्यावरून उतरायच्या आत तुकडा हैदराबादच्या दारावरून माघारी येऊन माझ्यासमोर पडलेला असायचा, आणि मशीन मला सांगत होतं, टपाल आली आहे. मी पुढचा तुकडा रवाना करत होते.

तुझ्याकडे काय गेलं ते मी निलोफरकडून समजून घेतलं. पहिल्या दिवशी तू शिकवत असताना चाचणीसाठी मी एक ओळ पाठवली होती, नमो बुद्धाय. तेवढी पोचली. त्यानंतर एक सूर पोचला नाही.

संघदीप, तू ऐकलं नव्हतंस.

उर्वशीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू तेव्हाच उघडून पाहिलं असतं तर." मी तिला म्हटलं, बाई, दुसऱ्याचं पत्र मी तेव्हाही उघडलं नाही, उद्याही उघडणार नाही. ज्याचं होतं त्याला सांगितलं होतं. तिने फोन ठेवला. आता तीही माझ्याशी चार दिवस बोलणार नाही, चालेल.

मोहिउद्दीनभाईंना निलोफरने घरी जाऊन सांगितलं. ते सायकल हातात धरून तसेच आले, दारातच उभे राहिले. मला वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, "भाभी, म्हंजे पोरगा बोललाच नाही त्याला. तो त निसता हो हो करून राह्यला होता. जसा मी बायकोला करतो." मग खाली बसले आणि तोंडावर रुमाल धरला. मी आत जाऊन चहा ठेवला.

एक गोष्ट चांगली झाली, ती तुला सांगायला हवी, तुझ्याबद्दल राग असला तरी. परत आलेल्या प्रत्येक पत्राच्या पोटात मी पाठवलेला तुकडा जसाच्या तसा होता. मशीनने बिनतक्रार सांभाळला होता. निलोफरने दोन दिवस बसून सगळे काढले, नंबराप्रमाणे लावले, पुन्हा गाठ बांधली, मग गाठ सोडली. एकही तुकडा कमी नाही. मी त्या वेळी कुकर लावला होता, शिटी गाण्यात आली आहे. एका गाण्यात बाबा मध्येच थांबून म्हणतात, "मथुरे, बंद कर ते, फुलसावंगीच्या मानसाचं गानं हाये, त्याले शिटी नको." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. खोकला नाही, काही नाही. मोहिउद्दीनभाईंची बोटं आपोआप टेबलावर चालायला लागली. गाणं संपल्यावर त्यांनी बोटांकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतला.

सुखीबाईला निरोप धाडला. ती होळीची वाट न पाहता आली. खेमसिंगचं नाव आलं तेव्हा तिने पडद्यावर पदर फिरवला, जसा लेकराच्या तोंडावरून फिरवतात. परत लावायला सांगितलं. निलोफरने परत लावलं. मग म्हणाली, पुरे, आता रोज आयकलं तर मले शेतात जाऊ वाटनार नाही. आणि गेली.

सगळ्यात शेवटी ते बोलणं निघालं, दार लोटून केलेलं. निलोफरने लावलं. बाबांचा घसा साफ करण्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग "बापू, आयकून राह्यला ना तू." मी निलोफरचा हात धरला. तिने बंद केलं. ते तुझ्या नावाचं आहे. बाकीची टपाल उघडायची तू परवानगी दिलीस तेव्हा त्यात हे आहे हे तुला माहीत नव्हतं, म्हणून ती परवानगी मी याला लावत नाही. ज्या दिवशी ते बोलले त्या दिवसापासून आजवर ते कोणीही ऐकलेलं नाही.

आता माझं म्हणणं.

तुझी पेटी भरलेली होती, यात तुझा दोष मी धरत नाही. कामाच्या माणसाची पेटी भरते. तुला वाटलं असेल, आलंच असेल, रविवारी निवांत ऐकू. बाप म्हातारा, चार वर्षांनी नीट बोलतो आहे, त्याचं मन का मोडा, म्हणून हो म्हटलंस. तेही मी समजू शकते. रोज सकाळी मी मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, असं म्हणते आणि दुपारी शेजारणीला साखर नाही म्हणून सांगते. 'शेवटचं बी?' असं त्यांनी विचारलं तेव्हाही तू हो म्हणालास, हे मला गिळता येत नाही, पण ते बाजूला ठेवू.

मे महिन्याचं बाजूला ठेवता येत नाही. मे महिन्यात मी तुला सगळं लिहिलं. बाबांनी काय विचारलं होतं, तुझ्या शब्दावर त्यांनी काय ठरवलं, सगळं. ते पत्र वाचताक्षणी तुला कळलं असणार, की आपण तर काहीच ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तू एक ओळ लिहायला हवी होतीस. आई, मी ऐकलं नव्हतं, मी खोटं बोललो. मी रडले असते, तुला बोल लावले असते, आणि मग कधीतरी तू जेवायला आला असतास. तू त्याऐवजी गप्प राहिलास. इतके महिने मी गावात सांगत फिरले की माझ्या मुलाने बापाला आपरेशन नको म्हटलं, आणि तू मला सांगू दिलंस. निर्दय ठरणं तुला सोपं गेलं. बापाचं ऐकलं नाही हे कबूल करणं अवघड गेलं. मग गाणी मागितली तर नोकरी बदलली, उडालं. जे कधी आलंच नाही ते उडालं.

मला राहून राहून वाटतं, तू ऐकलं असतंस तर काय म्हटलं असतंस. कापा म्हटलं असतंस. तू लहानपणी पायात काटा रुतला तर सुई माझ्या हातातून घेऊन स्वतःच काढायचास. तू कापा म्हटलं असतंस आणि त्यांनी कापलं असतं, आणि आज ते या ओट्यावर बसून मोहिउद्दीनभाईंना इशाऱ्याने शिव्या देत असते. हे खरं की नाही ते मला कधी कळणार नाही, आणि तुलाही नाही. ते दोघांनी आपापल्या घरी सांभाळायचं.

येत्या एप्रिलात ९ तारखेला बाबांना वर्ष होतं. विहारात कार्यक्रम आहे. त्यांचीच गाणी लावणार, मोहिउद्दीनभाई प्रत्यक्ष ढोलक धरणार. लोक येतील आणि मला नेहमी विचारतात तेच विचारतील. गेल्या वर्षी मी जे सांगितलं ते आता मला सांगता येत नाही, कारण ते खरं नव्हतं. नवीन काय सांगायचं ते मी स्वतःच्या मनाने ठरवणार नाही. मशीन सांगतं म्हणून सांगणार नाही. तुझ्याकडून हवं.

म्हणून लिही. पुरतं लिही, कार्डावर दोन शब्द नको. 'मी ऐकलं नव्हतं' हे वाक्य तुझ्या अक्षरात हवं. ते आलं तर मी उभी राहून लोकांसमोर माझं बोलणं मागे घेईन. तुझी लाज जाईल, माझीही जाईल, त्याला इलाज नाही. आणि अजूनही तुझं म्हणणं असेल की ऐकलं होतं, तर तसं लिही. मग लोकांना मी जे सांगत होते तेच सांगत राहीन, आणि आपला व्यवहार संपला.

तुझ्या नावाचं ते बोलणं निलोफरने वेगळं काढून सीडीवर घेतलं आहे. ते मी तारेवरून पाठवणार नाही, टपालानेही नाही. तुला हवं असेल तर येऊन घेऊन जा. सुनेलाही आण, तिला मी अजून नीट पाहिलं नाही. नको असेल तर नको असं लिही. ते मी तुझ्या नावाने तसंच ठेवीन, ऐकणार नाही, कोणाला ऐकवणारही नाही.

पत्रात परतीचं पाकीट घातलं आहे, तिकीट लावलेलं, पत्ता घातलेला. उलट टपाली कळव. फोन करू नकोस.

आई